यंत्र बनवणारा कारखाना कोणाचा? बीईएमएलची विक्री आणि आपली पोरं



धुळे-जळगाव महामार्गाचे काम असो, तापीकाठचे वाळूचे ठेके असोत की गावातल्या नाल्याचे खोलीकरण, पिवळे यंत्र दिसले की आपण म्हणतो, 'जेसीबी आला'. यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी नाव जेसीबीच. ही मूळची ब्रिटिश कंपनी १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सबरोबर भागीदारी करून भारतात आली. पण तिच्या पंधरा वर्षे आधी, माती हलवणारी अवजड यंत्रे इथेच बनावीत म्हणून या देशाने जनतेच्या पैशातून स्वतःचा कारखाना उभा केला होता. त्याचे नाव भारत अर्थ मूव्हर्स लिमिटेड, म्हणजे आजची बीईएमएल. तो कारखाना विकायला काढला गेला, तेव्हा आपल्या चळवळीत त्यावर किती बैठका झाल्या? किती निवेदने गेली?

अनेकांना वाटेल, बंगळुरूच्या कारखान्याशी खान्देशातल्या आंबेडकरी तरुणाचा संबंध काय? संबंध आहे आणि तो थेट आपल्या पोटाशी आहे. आपण आरक्षणावर भांडतो ते बहुतेक वेळा वर्गीकरण, क्रिमी लेयर आणि प्रमाणपत्र या मुद्द्यांवर. ज्या जागांवर आरक्षण मिळते त्या जागाच कमी होत आहेत, याकडे आपले लक्ष जात नाही. आरक्षणाचा कायदा रद्द करायची कोणाला गरजच उरलेली नाही. कारखाना विकला की काम झाले.

आधी इतिहास पाहू. १९६२ च्या चीन युद्धात सीमाभागात रस्ते नसल्याची किंमत देशाने मोजली. डोंगर फोडायला, रस्ते काढायला, धरणे बांधायला बुलडोझर, डंपर, एक्स्कॅव्हेटर लागतात आणि ते परदेशातून आणावे लागत. ११ मे १९६४ रोजी संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत ही कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १९६५ पासून काम सुरू झाले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा बंगळुरूचा रेल्वे डब्यांचा कारखाना तिच्याकडे आला. जपानच्या कोमात्सू कंपनीशी तांत्रिक सहकार्य करून बुलडोझर बनू लागले. कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजे केजीएफ, इथे माती हलवणाऱ्या यंत्रांचा कारखाना झाला. म्हैसूरला डंपर आणि इंजिने बनू लागली. केरळात पलक्कडला २०१० मध्ये आणखी एक कारखाना सुरू झाला. कोळसा खाणीतले अवजड डंपर, लष्कराची टाट्रा वाहने, मेट्रोचे डबे ही सगळी या एका सरकारी कंपनीची कामे. मुंबईत २०२२ मध्ये धावू लागलेल्या मेट्रो २अ आणि ७ च्या गाड्याही बीईएमएलनेच बनवल्या आहेत. वंदे भारत स्लीपर गाडीचा पहिला नमुनाही याच कंपनीच्या बंगळुरूच्या कारखान्यात तयार झाला. म्हणजे हा काही मोडीत निघालेला, गंजलेला कारखाना नाही.

केजीएफ हे नाव आपल्या पोरांना सिनेमामुळे माहीत आहे. खरे केजीएफ वेगळे आहे. १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने तिथे सोन्याच्या खाणी चालवल्या. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. त्या खोलीत, त्या उष्णतेत उतरणारे कामगार प्रामुख्याने तमिळ दलित होते. आणि हेच लोक बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या कितीतरी आधी बुद्धाकडे वळले होते. पंडित अयोथी दास यांनी १८९८ मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापन केला, त्याच्या शाखा केजीएफमध्ये, मारिकुप्पममध्ये उभ्या राहिल्या. खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून विहार आणि शाळा चालवल्या. २८ फेब्रुवारी २००१ रोजी या खाणी बंद झाल्या आणि ज्यांच्या पिढ्या जमिनीच्या पोटात गेल्या त्यांच्या मुलांना रोज पहाटेच्या रेल्वेने बंगळुरूला मजुरीसाठी जावे लागले. त्या शहरात उरलेला मोठा सरकारी उद्योग म्हणजे बीईएमएल. आता तोही विकण्याच्या यादीत टाकला गेला. आपल्या तमिळ बौद्ध भावांच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा घडते आहे.

आता यंत्र आणि जात यांचा संबंध समजून घेऊ. त्यासाठी बंगळुरूला जायची गरज नाही, आपले चाळीसगाव पुरेसे आहे. १९२९ मध्ये मुंबई सरकारच्या चौकशी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खान्देशात आले होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. तिथल्या टांगेवाल्यांनी महाराला टांग्यात बसवून नेणे कमीपणाचे मानले. शेवटी तोडगा निघाला की टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम हाती धरला, आणि त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, घोडा आणि टांगा खाली गेला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांच्या पायाला जबर दुखापत झाली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

आपण हा प्रसंग अस्पृश्यतेची क्रूरता म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. त्या माणसाला टांगा हाकता येत नव्हता, कारण तो धंदा, ते कौशल्य त्याच्यापर्यंत कधी पोहोचूच दिले नव्हते. जातिव्यवस्थेने आपली फक्त सावली नाकारली नाही. तिने लगाम, चाक, माग, छिन्नी, यंत्र या सगळ्यांपासून आपल्याला दूर ठेवले. माती उकरायला माणूस हवा असेल तेव्हा महार, मांग, मातीवडार, भिल्ल चालत होते. पण माती उकरणारे यंत्र आले की त्याच्या सीटवर बसणारा, त्याची दुरुस्ती करणारा, त्याचा आराखडा काढणारा वेगळा असायचा.

बाबासाहेबांनी हेच मनमाडला सांगितले. फेब्रुवारी १९३८ मध्ये जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे मांडले. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणूनच कसा अडकून पडतो आणि कापड गिरणीच्या विणकाम खात्यात त्याला का शिरू देत नाहीत, हे त्यांनी उदाहरणांसह दाखवले. कामगार एक आहेत असे म्हणणाऱ्यांनी कामगारांमध्येच कोण कोणाला कोणत्या खात्यात येऊ देत नाही, हेही बोलावे, असा त्यांचा आग्रह होता.

नुसते बोलून ते थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना तांत्रिक प्रशिक्षणाच्या योजना त्यांच्या खात्याने चालवल्या. १९४५ मध्ये त्याच खात्याखाली रोजगार आणि पुनर्वसनाचे महासंचालनालय उभे राहिले, ज्यातून पुढे रोजगार विनिमय केंद्रे आणि आजच्या आयटीआयची परंपरा वाढली. त्यांच्याच प्रयत्नांनी १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या आणि १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ टक्के झाले. दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांतील बहुउद्देशीय प्रकल्पांची पायाभरणी याच काळातली. प्रशिक्षण, आरक्षण आणि सरकारी उद्योग या तीन गोष्टी बाबासाहेबांच्या विचारात एकत्र होत्या. एक काढली की बाकीच्या दोन लंगड्या पडतात. आज आयटीआय पास झालेला, राखीव प्रवर्गाचे प्रमाणपत्र हातात असलेला आपला पोरगा घरी बसलेला दिसतो, कारण तिसरी गोष्ट काढून घेतली जात आहे.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही तरतूद साध्या कायद्यात नको, संविधानातच हवी, असे त्यांनी सुचवले. कारण साधा कायदा आजचे बहुमत करते आणि उद्याचे बहुमत मोडते. ती सूचना संविधानात आली नाही. त्यामुळेच आज मंत्रिमंडळाच्या एका निर्णयाने बीईएमएल विकायला काढता येते.

सरकारी उद्योगाने आपल्याला काय दिले, हे भुसावळकरांना सांगावे लागत नाही. रेल्वे, आयुध निर्माणी, दीपनगरचे वीज केंद्र. ज्या घरातला एक माणूस तिथे लागला त्या घरातली पुढची पिढी शिकली. विहाराच्या वर्गणीच्या वहीत पहिली नावे त्यांचीच सापडतील. चळवळीचा पैसा, वेळ आणि कार्यकर्ते याच वर्गातून आले. पुण्याच्या खडकीजवळच्या संरक्षण खात्याच्या स्फोटके संशोधन प्रयोगशाळेत साठच्या दशकात बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या, तेव्हा दीनाभाना या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला. त्यांच्या पाठीशी डी. के. खापर्डे आणि कांशीराम उभे राहिले. पुढे १९७८ मध्ये बामसेफ उभी राहिली, तिचे मूळ त्या लढ्यात आहे. ठेकेदाराच्या हाताखाली महिनाभराच्या भरवशावर काम करणारा माणूस असा साहेबापुढे उभा राहू शकतो का? कायम नोकरीने आपल्याला पगार दिला तसा कणाही दिला.

आता विक्रीचे गणित पाहू. १९९० च्या दशकापासून बीईएमएलचे शेअर्स टप्प्याटप्प्याने विकले गेले आणि सरकारचा हिस्सा ५४.०३ टक्क्यांवर आला. २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्यातला २६ टक्के हिस्सा व्यवस्थापनासह विकायला तत्त्वतः मंजुरी दिली. जानेवारी २०२१ मध्ये खरेदीदारांकडून प्रस्ताव मागवले. त्याच वेळी पलक्कडच्या कामगारांनी आंदोलन सुरू केले. कंपनीची अतिरिक्त जमीन बाजूला काढून बीईएमएल लँड अॅसेट्स ही वेगळी कंपनी केली गेली आणि २०२३ मध्ये तिची शेअर बाजारात नोंदणी झाली. विक्री लांबत गेली, पण हेतू लपून राहिलेला नाही.

५४.०३ मधून २६ वजा केले की उरतात २८.०३ टक्के. कंपनी कायद्यानुसार सरकारी कंपनी व्हायला किमान ५१ टक्के हिस्सा लागतो. म्हणजे विक्रीच्या दिवशी एकाही कामगाराला न काढता बीईएमएल सरकारी कंपनी राहणार नाही. अनुसूचित जातींचे १५, जमातींचे ७.५ आणि इतर मागासवर्गीयांचे २७ टक्के आरक्षण सांगणारे सरकारी आदेश पुढच्या भरतीला बंधनकारक राहणार नाहीत. न्यायालयात जाऊ म्हणाल, तर बाल्कोचा निकाल डोळ्यांसमोर ठेवा. २००१ मध्ये त्या कंपनीचे ५१ टक्के शेअर्स ५५१ कोटींना स्टरलाइटला विकले. कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितले की निर्गुंतवणूक हा आर्थिक धोरणाचा प्रश्न आहे आणि सरकारी कंपनीचे कर्मचारी म्हणून राहण्याचा हक्क कामगारांना सांगता येणार नाही. हा लढा आधी राजकीय आहे, हे त्या निकालातून शिकायचे.

यावर समोरून काही मुद्दे येतात. त्यांची उत्तरे आपल्याकडे तयार हवीत.

पहिला मुद्दा भ्रष्टाचाराचा. टाट्रा वाहनांच्या खरेदीत गैरव्यवहाराचे आरोप झाले. २०१२ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुखांनी आपल्याला १४ कोटींची लाच देऊ केल्याचे जाहीर सांगितले. सीबीआय चौकशी झाली, कंपनीच्या तत्कालीन अध्यक्षांना निलंबित केले गेले. हे लपवायचे कारण नाही. पण वरच्या खुर्चीतल्या गैरव्यवहाराच्या आरोपाची शिक्षा खालच्या फिटरच्या मुलाला का? सहकारी साखर कारखान्यांत, बँकांत काय काय झाले ते महाराष्ट्राला माहीत आहे. खासगी कंपन्यांनी बुडवलेली कर्जेही माहीत आहेत. आणि सरकारी कंपनीला संसद जाब विचारते, महालेखापाल तपासतो, माहिती अधिकारात तुम्ही-आम्ही कागद मागू शकतो. विक्रीनंतर हे सगळे दरवाजे बंद होतात.

दुसरा मुद्दा आपल्यातलेच काही जण मांडतात. 'नोकऱ्या मागणे सोडा, उद्योजक व्हा.' उद्योजक जरूर व्हा. पण वस्त्यांमध्ये काम करताना मी जे पाहतो ते सांगतो. कर्ज काढून एक जेसीबी घेतलेला आपला पोरगा तासाच्या भाड्यावर चालतो. काम देणारा ठेकेदार वेगळ्या जातीचा, ठेका देणारा पुढारी त्याचाच पाहुणा. बिल सहा महिने अडकते, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. आणखी एक गोष्ट या मित्रांच्या लक्षात येत नाही. केंद्राच्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार सरकारी कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते आणि त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. बीईएमएलला नट-बोल्टपासून कास्टिंगपर्यंत हजारो सुटे भाग लागतात. कंपनी विकली की ही अटही गेली. म्हणजे सरकारी उद्योगाच्या विक्रीने नोकरी मागणाऱ्याचे नुकसान होते, तसेच दलित उद्योजकाचेही होते.

तिसरा मुद्दा सगळ्यात टोकदार आहे आणि तो आपण स्वतःच विचारला पाहिजे. सरकारी कारखान्यांत तरी आपल्याला न्याय होता का? पूर्ण नव्हता. वरच्या श्रेणीतला अनुशेष वर्षानुवर्षे भरला जात नाही, सफाईच्या कामात मात्र आपलीच माणसे शंभर टक्के दिसतात. बनावट प्रमाणपत्रांवर जागा लाटल्या जातात. आणि आता ठेकेदारी आली आहे. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांत २०१३ मध्ये कंत्राटी आणि रोजंदारी कामगारांचे प्रमाण सुमारे १९ टक्के होते, ते २०२२ मध्ये ४२ टक्क्यांवर गेले. ठेकेदाराच्या हजेरीपटाला बिंदुनामावली नसते. त्यामुळे कारखाना सरकारचा राहिला तरी आरक्षण आतून पोखरले जाऊ शकते. म्हणून आपली मागणी फक्त 'विकू नका' एवढी असू शकत नाही. 'विकू नका आणि भरती करा' अशी ती असली पाहिजे.

आता आपल्या अंगणात या. जळगाव जिल्ह्यात भुसावळ आणि वरणगाव इथे दोन आयुध निर्माणी आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त करून देशभरातल्या ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या गेल्या. भुसावळ यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेले, वरणगाव म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे. रणगाडे आणि लष्करी वाहने बनवणारे आवडी आणि जबलपूरचे कारखाने आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेले. संप होऊ नये म्हणून त्याच वर्षी संसदेत अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा मंजूर झाला. आज या सातही कंपन्या शंभर टक्के सरकारी आहेत. बीईएमएलही एकेकाळी शंभर टक्के सरकारीच होती. आधी खात्याची कंपनी होते, मग तिचे शेअर्स बाजारात जातात, मग जमीन वेगळी होते, मग व्यवस्थापन विकायला निघते. पुढचा टप्पा आला की जागे व्हायचे, ही सवय आपल्याला परवडणारी नाही.

मग करायचे काय?

पहिले काम माहितीचे. वरणगाव, भुसावळ, दीपनगर, महावितरण, एसटी या प्रत्येक ठिकाणी माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारा. मंजूर पदे किती आणि भरलेली किती? बिंदुनामावलीनुसार अनुशेष किती? ठेकेदारामार्फत किती कामगार आणि कोणत्या कामावर? प्रत्येक तालुक्यात दोन पोरांनी हे काम अंगावर घेतले तर वर्षभरात खान्देशाचा खरा हिशेब आपल्या हातात येईल. आकड्याशिवाय दिलेले निवेदन साहेबाच्या टेबलावरच राहते.

दुसरे काम कायद्याचे. महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण अधिनियमात, जो २९ जानेवारी २००४ पासून लागू आहे, अनुदानित संस्थेच्या व्याख्येत सवलतीच्या दराने शासकीय जमीन किंवा इतर आर्थिक सवलती घेतलेल्या उद्योगांचाही समावेश आहे. एमआयडीसीतले किती उद्योग या व्याख्येत बसतात आणि त्यांपैकी किती ठिकाणी आरक्षण पाळले जाते, हा प्रश्न आपल्या आमदारांना विधानसभेत विचारायला लावा. निवडणुकीत मते मागायला येतील तेव्हा हाच प्रश्न पुढे ठेवा.

तिसरे काम संघटनेचे. कारखान्यातल्या मागासवर्गीय कर्मचारी संघटना बढती आणि बदलीत अडकल्या आहेत, लाल झेंड्याच्या युनियन आरक्षणाचा शब्द टाळतात आणि बाहेरची आपली तरुण मंडळी जयंतीच्या डीजेत दमते. मनमाडचे भाषण या तिघांनाही एकत्र बसून वाचायला लावा. ठेकेदारी कामगारांना युनियनमध्ये घेतल्याशिवाय कोणतीच युनियन टिकणार नाही आणि जातीचा प्रश्न घेतल्याशिवाय ठेकेदारी कामगार कोणावर विश्वास ठेवणार नाहीत.

दरवर्षी ३१ जुलैला आपण हजारोंच्या संख्येने लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो, कारण १९३७ मध्ये बाबासाहेब तिथे थांबले होते. तिथे भाषणे होतात, गाणी होतात. यापुढे तिथे एक टेबल माहिती अधिकाराच्या अर्जांचेही लागले पाहिजे. आपला पोरगा अवजड यंत्राच्या सीटवर बसावा, त्याची दुरुस्ती करावी, त्याचा आराखडा काढावा आणि ते बनवणाऱ्या कारखान्यात सन्मानाने कायम नोकरी करावी, हा काही मोठा हट्ट नाही. त्या कारखान्याच्या पायात जनतेचा पैसा आहे आणि जनतेत आपणही आहोत.

जय भीम! जय संविधान!